खड्ड्यातली तांब्याची प्लेट

परतुरात घरगुती लाईट फिटिंग करणारे पंधरावीस जण सहज सापडतील, पण पंखा बंद पडला की बायका फोन लावायच्या तो परमेश्वरला. त्याच्या हातात काही जादू होती अशातला भाग नाही. तो बाहेरची चप्पल दारात काढायचा आणि पिशवीतली धुतलेली रबरी चप्पल घालून घरात यायचा. भिंत फोडली की पडलेली माती स्वतः झाडून घ्यायचा. आणि जे बिघडलं नाही, ते बिघडलंय असं कधी सांगायचा नाही. एवढ्याशा गुणांवर माणूस गावात नावारूपाला येतो, यावरून बाकीच्यांचं काय ते समजून घ्यावं.

मार्चपासून त्याचे दिवस कूलरचे. मराठवाड्यातला कूलर म्हणजे पत्र्याचा डबा, पाणी आणि करंट, तिघांचा एकत्र संसार. तो सुखाचा होणं कठीणच. सकाळी आठला मोटरसायकलला पिशवी अडकवून परमेश्वर निघायचा. पिशवीत टेस्टर, पाने, टेप, होल्डरला दोन तारा जोडलेला एक बल्ब, आणि पिवळ्या मुठीची पक्कड. या पक्कडीच्या पात्याला ज्वारीच्या दाण्याएवढी खाच होती. शिकाऊ असताना त्यानं चालू करंटात तार तोडली होती, तेव्हा ठिणगीनं पातं खाल्लं. तेव्हापासून ती पक्कड ज्या ज्या तारेला तोडायची, तिच्या टोकाला एक बारीक नख राहायचं. नवी पक्कड घेणं अवघड नव्हतं. पण अंगावर बेतलेली चूक रोज डोळ्यांसमोर असावी, म्हणून त्यानं तीच ठेवली.

तो मूळचा वाटूरजवळच्या वस्तीवरचा. वडील राधाकिसन मेंढरं राखायचे, आणि पोरानंही तेच करावं असं कुणालाच वाटत नव्हतं, मेंढरांनासुद्धा. पंधराव्या वर्षी तो परतूरच्या एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली लागला. उस्तादानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, अर्थिंगशिवाय फिटिंग करायची नाही. घराजवळ पुरुषभर खोल खड्डा, तळाशी फूटभर लांबरुंद तांब्याची जाड प्लेट, तिला जोडलेली तार थेट घरातल्या बोर्डापर्यंत, आणि प्लेटीवर कोळशाचे न् मिठाचे थर. यंत्र बिघडून त्याच्या पत्र्यात करंट उतरलाच, तर तो या वाटेनं जमिनीत जातो. माणसाला धरत नाही. दुसरी गोष्ट उस्तादाची स्वतःची होती, कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. प्लेट बसवणाऱ्यानं खड्डा बुजवायचा नाही. "जिस हाथ को करंट पकडना है, वो हाथ मिट्टी ना डाले," असं तो म्हणायचा. माती लोटणं हे माणूस पुरताना करायचं काम, कारागिराच्या हातानं ते करू नये. उस्ताद गेला, पण परमेश्वरनं हा नेम पोटच्या पोरासारखा सांभाळला.

आता त्यानं बुजवायचा नाही म्हटल्यावर खड्डा बुजवायचा कुणी? तर रामकिसननं.

रामकिसन गवंडी. अकरा वर्षं दोघांची जोडी. रामकिसननं बांधायचं, परमेश्वरनं उजळायचं. एकाला काम मिळालं की दुसऱ्याला मिळाल्यासारखंच. परमेश्वर घरमालकांना हसत सांगायचा, की घराला पाये दोन असतात, एक रामकिसनचा आणि एक माझा. प्लेट खाली उतरवण्याआधी तो घरच्या बाईच्या हातून तिच्यावर हळदकुंकू वाहून घ्यायचा. मग खड्ड्यात उतरून तार आवळायचा, वर यायचा, हात झटकायचा आणि बोर्डाच्या कामाला घरात जायचा. पिशवी तिथंच खड्ड्याच्या काठावर. मागं रामकिसन थर देऊन, वर पाणी घालायचा पाईप ठेवून खड्डा बुजवायचा. तो बुजवताना परमेश्वरनं मागं वळून कधी पाहिलं नाही. का पाहावं? पाच वर्षांपूर्वी घनसावंगीला शिडी मोडून तो स्लॅबवरून पडला, तेव्हा गाडी मिळेपर्यंत याच रामकिसननं त्याला पाठुंगळी घेऊन दीड किलोमीटर वाट तुडवली होती. अशा माणसाच्या मागं उभं राहून पहारा करायचा असेल, तर मग जगात पाठ कुणाकडं फिरवायची?

घर उभं राहिलं, की निघताना परमेश्वर घरच्या बाईला एकच काम सांगायचा. उन्हाळ्यात दिवसाआड त्या पाईपात लोटाभर पाणी घाला. जमीन ओली राहिली पाहिजे, तुळशीला घालता तसं घाला. बायका घालायच्याही. तिसेक घरांच्या परसात, त्याच्या एका शब्दावर, इतकी वर्षं पाणी पडत होतं.

या वर्षी मार्चातल्या एका रविवारी नरहर साहेबांचा फोन आला. नरहर बँकेत अधिकारी. सात वर्षांपूर्वी या दोघांनीच त्यांचं घर केलं होतं. एरवी साहेब आधी मुलाबाळांची चौकशी करायचे, मग काम सांगायचे. त्या दिवशी फक्त "ये" म्हणाले आणि फोन ठेवला.

परमेश्वर पोचला तेव्हा अरुंधतीताई पलंगावर होत्या. कपाळाला टाके, उजवा हात खांद्यापर्यंत बधिर. कपडे धुण्याच्या मशीनला ओल्या हाताचा स्पर्श झाला आणि मशीननं त्यांना धरलं. मुलगी चिन्मयी दहावीला आहे. तिनं आईला हात न लावता धावत जाऊन मेन स्विच पाडला. ते तिला परमेश्वरनंच कधीतरी शिकवलं होतं. करंट सुटला तशा ताई नळावर आपटल्या.

"तू म्हणाला होतास, मशीन बिघडलं तरी माणसाला काही होणार नाही," साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "सात वर्षं ही त्या खड्ड्यात पाणी घालतेय."

परमेश्वरनं पिशवीतून बल्ब काढला. एक तार करंटात घातली, दुसरी अर्थिंगमध्ये. अर्थिंग शाबूत असेल तर बल्ब लागतो. बल्ब लागला नाही. त्यानं जागा बदलून पाहिलं, तारा घासून पाहिल्या, बल्बही बदलला. मग कुदळ मागून घेतली आणि स्वतःच खणायला बसला. साहेब खुर्ची टाकून सावलीत बसले.

कमरेइतकं खणून झाल्यावर कोळसा लागला. आणखी खाली मिठाचा दगड झालेला थर. त्याखाली वीतभर तारेचा हिरवा, कुजलेला सांगाडा, बोट लावताच मोडला. आणि त्याखाली माती. परमेश्वरनं हातानं माती उकरली, मग पहारीनं, मग पुन्हा हातानं. ज्या प्लेटीवर अरुंधतीताईंनी हळदकुंकू वाहिलं होतं, ती प्लेट तिथं नव्हती. तांबं कुजून मातीत मिसळत नाही, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. कुणीतरी प्लेट काढून घेतली होती आणि तारेचं वीतभर टोक मातीत खोचून ठेवलं होतं. ताज्या ओल्या मातीत, मिठात, तेवढ्या टोकावरही सुरुवातीला बल्ब लागला असणार, आणि परमेश्वर समाधानानं घरी गेला असणार. मग खारं पाणी ती तार वर्षावर्षानं खात गेलं. म्हणजे ताई पाणी घालत होत्या ते संरक्षणाला नव्हे, उरलंसुरलं संरक्षण कुजवायला.

साहेब काठावर येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "तू बसवलीच नव्हतीस का रे?"

"बसवल्ती, साहेब."

खड्ड्यात उभं राहून, वर मान करून म्हटलेले ते दोन शब्द त्याचे त्यालाच खोटे वाटले. रामकिसनचं नाव ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं. न पाहता आपल्या माणसाचं नाव घेणं बरं नव्हे, असं त्याच्या मनानं घेतलं. या भोळेपणाला काय म्हणावं? कुंपण शेत खाऊन ढेकर देत होतं, आणि हा अजून गुरं शोधत होता.

तिथून तो तडक वाटूरला गेला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गोजरबाई नावाच्या एकट्या म्हातारीचं घर केलं होतं. म्हातारी त्याला पाहून ओशाळली. गुडघे धरल्यामुळं वाकणं होत नाही, म्हणून खड्ड्यात पाणी घालणं तिच्यानं जमलं नव्हतं, आणि लाईटवाला तेच विचारायला आला असं तिला वाटलं. परमेश्वरनं तिला बसायला सांगितलं आणि खणायला लागला. इथंही कोळसा, मीठ, आणि तळाला नुसती माती. पण हा खड्डा कोरडा राहिलेला, त्यामुळं तारेचं टोक जसंच्या तसं होतं. त्यानं ते उन्हात धरलं. नटात आवळलेला वळसा टोकाला नव्हता; तिथं बारीक नख होतं.

तो तिथंच मातीच्या ढिगावर बसला. तार त्याच्याच पक्कडीनं तोडली होती. तो घरात बोर्ड बसवत होता, पिशवी काठावर होती, आणि रामकिसननं त्याच पिशवीत हात घालून त्याच पक्कडीनं त्याचंच काम तोडलं होतं. चोर परक्याच्या घरात शिरतो, तो निदान आपलं हत्यार घेऊन शिरतो. गोजरबाईनं चहा विचारला, तेव्हा तो तारेचं टोक खिशात टाकून उठला.

संध्याकाळी तो रामकिसनच्या घरी गेला. हे घर आठ वर्षांपूर्वीचं. रामकिसननं स्वतःच्या हातानं बांधलं आणि परमेश्वरनं एक रुपया न घेता त्यात फिटिंग केलं, अर्थिंगचा खड्डासुद्धा. रामकिसन ओट्यावर बसून ओळंब्याची दोरी सोडवत होता. परमेश्वर पायरीवर बसला आणि तारेचं ते टोक त्याच्यापुढं ठेवलं. रामकिसननं तार पाहिली, परमेश्वरकडं पाहिलं, आणि काय ते ओळखलं. बेबीनंदा, त्याची बायको, घरात भाकरी थापत होती; तिला ऐकू जाऊ नये म्हणून तो हळू आवाजात बोलू लागला.

नाकबूल त्यानं केलं नाही. एकदा अडचणीत होतो, म्हणाला, प्लेट काढून भंगारात दिली. कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग हात वळला. किती घरं ते सांगता येत नाही. पण प्लेट राहिलेली मोजणं सोपं, म्हणाला. आणि मग त्याचे डोळे भरून आले.

"मला वाटलं, हे तुझ्या उस्तादाचं खूळ हाये. पायाभरणीला आम्ही पंचधातू टाकतो का न्हाई? त्यानं कुठं घर उभं राह्यतं? तसंच हे बी. बाईनं हळदकुंकू वाह्यलं, झालं समाधान. मंग मातीत तांबं कशाला सडू द्यायचं? मी अडाणी माणूस, परमेश्वरा. करंटाचं मला काय ठाऊक?"

परमेश्वर ऐकत राहिला आणि त्याच्या छातीवरचा दगड थोडासा सरकला. खरं सांगायचं तर हे ऐकायलाच तो आला होता. चोरी ती चोरीच. पण न समजता केलेली चोरी आणि केसानं कापलेला गळा यांत फरक असतो. पंचधातूची गोष्ट त्याला पटलीसुद्धा. हळदकुंकू वाहायला लावणारा तर आपणच होतो. प्लेट कशासाठी असते हे आपण रामकिसनला अकरा वर्षांत नीट बसून कधी सांगितलं? त्याला ज्या पाठीवर बसून आपण दीड किलोमीटर गेलो ती पाठ आठवली. आता दोघांनी मिळून तिसेक खड्डे उघडायचे, नव्या प्लेटा टाकायच्या, लोकांच्या शिव्या अर्ध्या अर्ध्या वाटून घ्यायच्या. हेच सांगायला त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात बेबीनंदा पीठ लागलेल्या हातात लोटा घेऊन बाहेर आली. "भाऊजी, कधी आलात?" म्हणत ती ओट्याच्या कडेनं कोपऱ्यात गेली. तिथं चार विटांच्या चौकटीत एक पाईप वर आलेला होता. विटा सारवलेल्या, आजूबाजूची माती काळी, ओली. तिनं लोटा पाईपात रिकामा केला, आणि परमेश्वर पाहतोय असं दिसल्यावर हसून म्हणाली, "तुमचं काम बराबर सांभाळून राह्यले बघा, भाऊजी. आठ वर्षांत एक दिवस चुकू देत न्हाईत हे. मागं मी माहेरी गेल्ते, तर आल्या आल्या आधी पाण्याचंच इचारलं. म्हणतेत, खाली प्लेट हाये, कोरडी पडली तर मशीन लेकरांना धरंल. खाडा झाला तर ताटावरून उठतेत."

परमेश्वर त्या ओल्या मातीकडं बघत होता. बेबीनंदाला वाटलं आपलं काही चुकलं. ती दोघांकडं आळीपाळीनं पाहत राहिली. रामकिसन ओळंब्याच्या दोरीची गाठ सोडवत होता, आणि गाठ केव्हाच सुटलेली होती.

"म्हंजे तुला ठाऊक होतं," परमेश्वर म्हणाला.

रामकिसन दोरी गुंडाळू लागला. बेबीनंदा चहा टाकते म्हणाली. परमेश्वर नको म्हणाला, त्या घरात आठ वर्षांत पहिल्यांदा. तारेचं टोक उचलून त्यानं खिशात टाकलं आणि निघाला. इथला खड्डा उकरून पाहायची त्याला गरज नव्हती. हातच्या काकणाला आरसा लागत नाही. त्या प्लेटीचं मोल रामकिसनला दिडक्यांतही कळत होतं आणि जिवांतही. स्वतःच्या लेकरांच्या जिवांना त्यानं राखलं. चिन्मयीच्या आईच्या जिवाचं त्यानं भंगार केलं. आणि वर त्याच तोंडानं अडाणी म्हणवून घेतलं. पाठुंगळी घेणारा तो आणि पक्कड उचलणारा तो, हे दोघे एकच होते, हे परमेश्वरला त्या रात्री आणि पुढं कित्येक रात्री जुळवता आलं नाही. स्लॅबवरून पडून कंबर मोडली असती तरी इतकं दुखलं नसतं.

घरोघर जाऊन सांगावं का, यावर बायको मनीषा आणि तो दोन दिवस बोलत होते. सांगितलं तर नाव जाणार होतं. न सांगितलं तर कुणाचं तरी माणूस. मनीषानं शेवटी एवढंच विचारलं, की खड्डे रामकिसननं रिकामे केले, पण पाणी घाला म्हणून कुणी सांगितलं होतं? मग त्यानं घरांची यादी करायला घेतली.

पहिलं घर नरहर साहेबांचंच धरलं. बुधवारी सकाळी तो स्वतःच्या पैशानं घेतलेली प्लेट, कोळसा आणि मिठाची गोणी घेऊन गेला. जे झालं ते साहेबांना आणि ताईंना सांगितलं. रामकिसनचं नाव लपवलं नाही, आणि त्याच्या मागं लपलाही नाही. मागं वळून पाहायचं काम माझं होतं, म्हणाला. ताईंचा हात अजून बधिर, गळ्यातल्या झोळीत होता. हळदकुंकवाचा करंडा या वेळी त्यानं मागितला नाही, त्यांनीही आणला नाही.

खड्ड्यात उतरून त्यानं प्लेट बसवली, नटबोल्ट आवळले. वर येऊन बल्ब लावून दाखवला. बुजवायला आता दुसरं कुणी नव्हतं. त्यानं फावडं हातात घेतलं, आणि उस्तादाची मनातल्या मनात माफी मागितली. पण माती लोटण्याआधी थांबला.

"साहेब, एकदा वाकून बघून घ्या. आता माझ्या जबानीवर राहू नका."

त्याची तशी तयारी होती. इथून पुढं प्रत्येक घरी हेच म्हणायचं त्यानं ठरवलंच होतं. तरी मनाच्या तळाशी कुठंतरी त्याला वाटत होतं, की साहेब म्हणतील, राहू दे रे, तू बसवलीस ना, मग झालं. सात वर्षं ते असंच म्हणत आले होते.

साहेब खुर्चीवरून उठले. काठाशी आले, गुडघ्यावर हात टेकून वाकले. मोबाईलची बॅटरी लावून त्यांनी तळाशी उजेड पाडला, या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. मग प्लेटीचा फोटो काढला, तो नीट आलाय का ते पाहिलं, आणि फोन खिशात ठेवत म्हणाले, "हं. आता बुजव."

परमेश्वरनं कोळशाचे न् मिठाचे थर दिले आणि माती लोटायला सुरुवात केली.